टीम नवीन आहे, हरतच चाललोय, माझ्यामुळेच होतंय का हे?

"मॅडम, टीम नवीन आहे, सीझन आत्ता कुठे सुरू झालाय आणि आम्ही हरतच चाललोय, माझ्यामुळे होतंय का, सोडून देऊ का मी?" हा प्रश्न मला दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास कॉलेजच्या खेळाडूंकडून येतो, कधी कबड्डीवाले असतात, कधी व्हॉलीबॉलवाले. आणि त्यांच्या घरून त्याच प्रश्नाची दुसरी बाजू येते, "एवढा त्रास होतोय तर कशाला खेळायचं, शेवटचं वर्ष आहे, सोड म्हणून सांगू का?" दोघांनाही एकाच केसमधून उत्तर देते, बास्केटबॉलची आहे. मुलीची आणि घरच्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव देत नाही, आपण तिला कॅप्टनच म्हणूया.

कॅप्टन पुण्यातल्या एका कॉलेजात टीवायला, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर घेऊन येणारी आणि कुठला प्ले लावायचा ते ठरवणारी. आदल्या वर्षी त्यांची टीम जोरात होती, झोनल म्हणजे विभागातली स्पर्धा पार करून इंटरझोनलपर्यंत, म्हणजे विभागा-विभागांमधल्या स्पर्धेपर्यंत गेली होती. मग पहिल्या पाचातल्या चौघी पास आउट झाल्या आणि ही एकटी उरली. बाकी टीम एसवायच्या बेंचवरच्या मुली आणि एफवायला नवीन आलेल्या. आता ज्यांनी कॉलेजचं स्पोर्ट्स जवळून बघितलंय त्यांना माहितीये की ॲडमिशनचे राउंड लांबत लांबत एफवायच्या मुली ग्राउंडवर यायलाच ऑगस्ट उजाडतो, त्यात यांचं कोर्ट सिमेंटचं आणि उघड्यावर, पाऊस पडला की घसरून गुडघा जायची भीती म्हणून सर प्रॅक्टिस कॅन्सल करतात, आणि एवढ्यात झोनलच्या तारखा येऊन ठेपतात. म्हणजे ज्या मुलींनी एकमेकींबरोबर धड पंधरा दिवससुद्धा सलग बॉल खेळलेला नाही त्यांनी दुसऱ्या कॉलेजच्या मुरलेल्या टीमसमोर उभं राहायचं. प्रॅक्टिस मॅच झाल्या, एक छोटी इन्व्हिटेशन टुर्नामेंट झाली, सगळीकडे हरल्या, आणि थोडक्यात नाही, वीस-पंचवीस पॉइंटनी.

आई तिला घेऊन आली तेव्हा कारण वेगळंच सांगितलं होतं, जेवत नाही, रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईलवर मॅचचे व्हिडिओ बघत बसते, सकाळी उठत नाही, काही विचारलं की रडते. मग आई बाहेर बसली आणि कॅप्टन बोलायला लागली तर नुसते स्कोअर. अमुक मॅच एवढ्याने, तमुक मॅच तेवढ्याने, माझे टर्नओव्हर म्हणजे हातातून गेलेले बॉल इतके, फ्री थ्रो म्हणजे फाउलनंतर लाइनवरून मिळणारे मोकळे शॉट इतके हुकले. आणि प्रत्येक आकड्यामागे एकच वाक्य, मॅडम माझी लायकी नव्हती, त्या चौघी होत्या म्हणून मी चांगली वाटत होते.

हे वाक्य मी फार गांभीर्याने घेते. कारण त्यात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते इतकं टोचतं. नुसतं "नाही गं, तू छानच खेळतेस" म्हणून ते जात नाही, मुलांना लगेच कळतं की आपल्याला गोंजारलं जातंय.

मी तिला म्हटलं स्कोअर ठेव बाजूला, मला एक बॉल सांग. एकच, जो सारखा डोक्यात येतोय. तिने जराही विचार न करता सांगितलं. थर्ड क्वार्टर, ती वरच्या बाजूला बॉल घेऊन उभी, समोरची डिफेंडर अंगावर, आणि तिने न बघता डावीकडे बास्केटखाली पास टाकला, सरळ आउट. तिथे कोणीच नव्हतं. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. मी विचारलं, गेल्या वर्षी तिथे कोण असायचं? आणि ती एकदम गप्प झाली, मग रडायलाच लागली, खूप वेळ. गेल्या वर्षी तिथे त्यांची सीनियर असायची, डिफेंडरच्या पाठीमागून बॅकडोअर कट मारून, म्हणजे अचानक बास्केटकडे धावत पोचलेली असायची, दोन वर्षं रोज. त्या पासला बघावं लागतच नव्हतं.

घर बदलल्यावर अंधारात हात जुन्या बटणाच्या जागी जातो ना, तसंच झालं होतं हे. हात चुकीचा नसतो, भिंत बदललेली असते.

मानसशास्त्रात याला ट्रान्सॅक्टिव्ह मेमरी म्हणतात, डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ही कल्पना मांडली, आणि गंमत म्हणजे खेळाडूंवरून नाही, जोडप्यांवरून. बरीच वर्षं बरोबर राहिलेली माणसं लक्षात ठेवायचं काम न ठरवता वाटून घेतात, लाइट बिल एकाच्या डोक्यात, नातेवाइकांचे वाढदिवस दुसऱ्याच्या, आणि कोणाला काय माहितीये हे दोघांनाही माहीत असतं. अशी साथ सुटली की माणूस तर जातोच, पण आपल्याच डोक्याचा एक भाग गेल्यासारखं होतं. टीमचंही असंच असतं. कोण कुठल्या बाजूने कट मारणार, कोणाला छातीशी पास लागतो, कोण दमली की डिफेन्सला मागे राहते, हे सगळं पाच जणींमध्ये वाटलेलं असतं. चार जणी गेल्या की तो साठाच जातो, उरलेली एक कितीही हुशार असो. नवीन मुलींना बास्केटबॉल येत नव्हतं असं नाही, दोघी तर डिस्ट्रिक्ट खेळून आलेल्या होत्या, त्यांना "ही" येत नव्हती आणि हिला "त्या".

म्हणून मी कॅप्टनला म्हटलं, त्या चौघी होत्या म्हणून तू चांगली होतीस हे खरंच आहे, आणि तू होतीस म्हणून त्या चौघीही चांगल्या होत्या, हे पण तितकंच खरं आहे, ते तू धरतच नाहीयेस. आणि दुसरं, तू हरण्याचं दुःख करतेयस असं तुला वाटतंय, मला तर वाटतं तू त्या मुलींना मिस करतेयस. यावर ती म्हणाली की त्यांच्या जुन्या ग्रुपवर आता कोणी फारसं बोलत नाही, एक बेंगलोरला गेली, एकीचं लग्न ठरलं. हे तिने घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या अनुभवात नव्या टीमच्या कॅप्टनमध्ये हे फार वेळा असतं आणि बाहेरून ते नुसती चिडचिड म्हणून दिसतं.

फ्री थ्रोचंही तसंच. आधी ती सहज टाकायची, आता लाइनवर उभी राहिली की कोपर सरळ आहे का, मनगट वळतंय का, गुडघे किती वाकवले, सगळं तपासायची आणि बॉल रिंगला लागून बाहेर. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांचं गोल्फच्या पटिंगवरचं २००१ चं संशोधन आहे, सरावाने अंगात बसलेल्या कृतीच्या एकेका पायरीकडे दडपणाखाली लक्ष द्यायला लागलं की ती कृती बिघडते. तिला हे सांगितल्यावर खूप हायसं वाटलं, कारण तिला वाटत होतं आपलं कसबच संपलं.

दुसऱ्यांदा आली तेव्हा स्वतःच उदाहरण घेऊन आली होती. अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल ती फॉलो करते, म्हणाली मॅडम केंटकी विद्यापीठाची २०१३-१४ ची टीम बघा, सगळे नवीन, तरी फायनलला गेले. खरंय ते. कोच जॉन कॅलिपारी यांची टीम, सीझनच्या आधीच देशात नंबर एक ठरवलेली, ज्युलियस रँडल, हॅरिसन जुळे भाऊ असे फ्रेशमन म्हणजे आपल्या भाषेत एफवायची पोरं घेऊन उभी केलेली, आणि नोव्हेंबरमध्येच मिशिगन स्टेटशी हरली, मग बेलर, मग नॉर्थ कॅरोलिना, मार्चमध्ये साउथ कॅरोलिनासारख्या तळातल्या टीमशीही. मोठ्या टुर्नामेंटला जाईपर्यंत दहा मॅच हरले होते. तिथे आठवं सीड, म्हणजे आपल्या गटात आठवा क्रमांक मिळाला, आणि तोवर सलग ३५ मॅच जिंकलेल्या विचिटा स्टेटला त्यांनी ७८-७६ ने हरवलं, पुढे फायनलपर्यंत गेले आणि तिथे यूकॉन म्हणजे कनेटिकट विद्यापीठाकडून ६०-५४ ने हरले. फायनलला पाचही स्टार्टर फ्रेशमन.

मी तिला म्हटलं, मग त्याच कोचची २०२०-२१ ची टीमही बघ. तीही जवळजवळ सगळी नवीन. कोविडमुळे उन्हाळ्यातली एकत्र प्रॅक्टिस विस्कटली, सीझनच २५ नोव्हेंबरला सुरू झाला, पहिल्या सात मॅचमध्ये एक जिंकले, शेवटी ९ विजय आणि १६ पराभव, मोठ्या टुर्नामेंटला गेलेच नाहीत. त्या पोरांमध्येही कमी टॅलेंट नव्हतं. मला तिला घाबरवायचं नव्हतं, पण पहिली गोष्ट एकटी सांगणं हे माझ्या मते मुलांशी अन्यायाचं आहे, कारण मग ती रोज वाट बघतात की आता आपलं वळण येईल, आणि नाही आलं की पुन्हा स्वतःलाच दोष. एकत्र घालवलेला वेळ लागतो, आणि कधी कधी सीझन तेवढा वेळ देतच नाही. यात कोणाची लायकी कुठे आली?

तिला हे पटलं का लगेच? नाही. चिडली जरा. म्हणाली मग खेळायचं कशासाठी. तो प्रश्न आम्ही तसाच ठेवला आणि कामाला लागलो.

आधी झोप. मॅचचा व्हिडिओ रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि एकटीने नाही, एका ज्युनियरला शेजारी बसवून. मग एक वाक्य बंद केलं, "गेल्या वर्षी आपण असं करायचो". हे वाक्य ती दिवसातून कितीदा बोलते हे तिने मोजलं तेव्हा तिलाच धक्का बसला. ज्या मुली गेल्या वर्षी नव्हत्याच त्यांना ते ऐकून काय वाटत असेल? एफवायच्या दोघी कोर्टवर तोंडच उघडत नव्हत्या ते यामुळेच, चुकीच्या जागी उभं राहण्यापेक्षा गप्प उभं राहिलेलं बरं. आणि बास्केटबॉलमध्ये गप्प टीम म्हणजे संपलंच, २४ सेकंदांत शॉट घ्यायचा असतो, स्क्रीन येतेय, म्हणजे समोरच्या टीमची मुलगी वाटेत आडवी उभी राहतेय, हे मागून कोणी ओरडून सांगितलं नाही तर डिफेंडर सरळ जाऊन धडकते.

तिला मी एकच गोष्ट करायला सांगितली, प्रत्येक प्रॅक्टिसनंतर एकेका नवीन मुलीला विचार, तुला बॉल कुठे हवा असतो? कोच मी नाही, मला प्ले लावता येत नाहीत, पण माणसाला काय हवंय ते विचारता येतं. उत्तरं भारी आली. एक डावखुरी होती आणि तिला आजवर सगळे पास उजव्या हाताला मिळत होते, बिचारीने सांगितलंच नव्हतं, सीनियर दीदीला कसं सांगायचं म्हणून. दुसरीला पाठीमागून कट मारणं माहीतच नव्हतं, तिच्या शाळेत सगळे उभ्या जागी बॉल मागायचे.

मग कॅप्टनने स्वतःहून एक निर्णय घेतला जो मी सुचवलेला नव्हता. सरांकडे जाऊन म्हणाली की बॉल वर आणायचं काम अर्धा वेळ एसवायच्या मुलीला द्या, मी बाजूला खेळते. सरांना आधी आवडलं नाही, पण दिलं करून. तिचा भार हलका झाला, आणि त्या एसवायच्या मुलीला पहिल्यांदा कोणीतरी विश्वासाने काही दिलं.

बाबांशी एकदा बोलले. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं, पोरगी रडते ते बघवत नाही. मी म्हटलं, सोड म्हणू नका आणि खेळच असंही म्हणू नका, सीझनच्या मध्यात रडत घेतलेला निर्णय पुढे बोचतो, झोनल होऊ द्या आणि मग तिलाच ठरवू द्या. आणि घरी आल्यावर "किती झाले?" हा पहिला प्रश्न नको. आधी जेवण. मग विचारायचंच असेल तर आज कोणाबरोबर चांगलं जमलं एवढं विचारा. त्यांनी ते केलं, अवघड गेलं त्यांना, कारण स्वतः क्रिकेटवेडे आहेत आणि स्कोअर विचारल्याशिवाय राहवत नाही.

झोनलला पहिली मॅच जिंकल्या, दुसरी हरल्या, पाच पॉइंटनी, आणि बाहेर. इंटरझोनल नाही. ती आली तेव्हा उदास होती पण जेवत होती, झोपत होती, आणि मॅचबद्दल बोलताना पहिल्यांदा दुसऱ्यांची नावं घेत होती, हिने असा रिबाउंड काढला, तिने तसा कट मारला. खेळायचं कशासाठी या प्रश्नावर ती म्हणाली, अजून माहीत नाही मॅडम, पण मार्चपर्यंत प्रॅक्टिसला जाणारे. मला तेवढं पुरलं. फेब्रुवारीत तिने सरांना सांगून टाकलं की परीक्षेच्या आधी एक महिना येणार नाही, तेही बरोबरच होतं.

आता, जे आईवडील हे वाचतायत त्यांच्यासाठी. हरल्यावर दोन-चार दिवस रडणं, चिडणं, गप्प राहणं हे स्वाभाविक आहे, त्यासाठी लगेच कोणाकडे न्यायची गरज नसते. पण झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं, मित्रमैत्रिणी टाळायला लागली, खेळाबाहेरच्या गोष्टींमध्येही "माझा काही उपयोग नाही" असं बोलायला लागली, दुखापत लपवून खेळायला लागली, तर थांबू नका, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जगण्याबद्दलच नकोसं बोलली तर त्याच दिवशी, उद्यावर नको. जवळ कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. फोन मुलांनीच करायला पाहिजे असं नाही, तुम्हीही करू शकता.