अर्धं वर्ष सरलं आणि वही तशीच

ताई,

जून संपत आला. जानेवारीत मी एका वहीत चार रकाने आखले होते : घर, काम, प्रवास आणि समाज. घराखाली लिहिलं होतं, आईबाबांना दर आठवड्याला निवांत फोन करायचा आणि संध्याकाळी सातच्या आत घरी यायचं. कामाखाली, बढतीला उपयोगी पडेल अशी एक परीक्षा द्यायची. प्रवासाखाली, बायकोबरोबर दोघांनीच कुठेतरी जाऊन यायचं. समाजाखाली, नुसती कुरकुर न करता आपल्या भागातल्या एखाद्या प्रश्नात लक्ष घालायचं.

काल वही उघडली आणि पोटात गोळा आला. परीक्षेच्या पुस्तकाचं वेष्टनसुद्धा निघालेलं नाही. सात कसले, नऊच्या आधी घर दिसत नाही. सहल झाली, पण लॅपटॉप बरोबर होता आणि मी बहुतेक वेळ खोलीतच होतो. मुलीच्या शाळेसमोरच्या रस्त्यावरचे पादचारी पट्टे पार पुसले गेलेत. रहिवाशांच्या सभेत सगळ्यांसमोर ‘अर्ज मी लिहितो’ म्हणालो, तो अजून लिहायचाय. फोन मात्र करतो, पण गाडीतून, घरी येता येता. आई हल्ली ‘बरं, तू कामात असशील’ म्हणते आणि स्वतःच ठेवते.

उरलेल्या सहा महिन्यांत हे सगळं कसं भरून काढू? नवं वेळापत्रक करायला घेतलंय. बायको म्हणते, वही फेकून दे.

– हिशेबी

हिशेबी,

भरून काढू नका. मागच्या सहा महिन्यांचं राहिलेलं आणि पुढच्या सहा महिन्यांचं ठरलेलं, असं दोन्ही एकाच माणसाने डिसेंबरपर्यंत उरकायचं म्हटलं, तर डिसेंबरात तुमचं याहून लांब पत्र मला येणार.

वर्षाच्या मध्यावर असं गलबलणारे तुम्ही एकटे नाही. या दिवसांत माझ्याकडे अशी बरीच पत्रं येतात. खरं तर साध्या वर्षाचा अगदी मधला दिवस २ जुलै. त्याच्या आधी १८२ दिवस, नंतर १८२. त्या दिवशी काही घडत नाही, पण कॅलेंडरवर अशी खूण दिसली की आपण हिशेबाला बसतो. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघा संशोधकांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर लोक जिममध्ये जास्त जातात, असं त्यात दिसलं. अशी खूण ओलांडली की मागचा आळशी माणूस कोणी दुसराच होता असं वाटायला लागतं, आणि नव्याने हुरूप येतो. हुरूप चांगलाच. पण मागच्या माणसाला परका ठरवलं की त्याच्याकडून शिकणंही राहून जातं. तुम्ही नवं वेळापत्रक करायला घेतलंय ना, त्यात नेमकं हेच होणार आहे.

तेव्हा ते वेळापत्रक आधी बाजूला ठेवा. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. बरं, सगळंच बिनसलं तर? तरी ४९ च्या आत. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. ही मुलं काही पहिल्यांदा कामाला बसली नव्हती. आधीची कामं लांबल्याचा अनुभव अशा वेळी बहुतेकांच्या गाठीशी असतोच. फक्त अंदाज बांधताना तो अनुभव कोणी मोजायला घेतला नाही. जानेवारीत तुमच्याकडे नुसती इच्छा होती, आता सहा महिन्यांचा पुरावा आहे. आठवड्यात खरोखर किती संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या ते बघा, आणि पुढेही तेवढ्याच मिळतील असं धरून चाला. आणखी मिळाल्या तर मिळाल्या.

वही फेकायची गरज नाही, रकाने मात्र खोडा. घर, काम, प्रवास, समाज ही वाटणी कागदावर देखणी दिसते, पण तुमचंच पत्र ती पाळत नाही. सातच्या आत घरी यायचं हे घराखाली लिहिलंय, ते अडतं कामात. पट्टे समाजाखाली आहेत, तो रस्ता ओलांडते तुमची मुलगी. सहल प्रवासाखाली, आणि ती बुडाली लॅपटॉपमुळे. त्यापेक्षा प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहा : हा शब्द मी कोणाला दिला होता?

परीक्षेपुढे काय लिहाल? मला तरी कोणाचं नाव सुचत नाही. ती द्यावीशी वाटते असं तुमच्या पत्रात कुठेही नाही, नुसतं उपयोगी पडेल एवढंच आहे. जिचं पुस्तक सहा महिने उघडलं गेलं नाही, ती परीक्षा तुम्ही मनातून केव्हाच सोडलीय. कागदावरही सोडा. वाटलंच तर पुढे कधीतरी द्या. पुस्तक दुसऱ्या कोणाला देऊन टाका, नाहीतर ते कपाटातून तुमच्याकडे बघत राहील.

सातची वेळही खोडा, पण निराळ्या कारणासाठी. जी वेळ साहेबांच्या आणि सहकाऱ्यांच्या हातात आहे ती एकट्याने वहीत लिहून कशी पाळणार? साहेबांशी बोला. पाचही दिवस मागू नका, कोणतेही दोन ठरावीक दिवस मागा. ‘लवकर जायला मिळेल का’ असं विचाराल तर उत्तर येईल ‘बघू’. ‘मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहानंतर मी नसेन, त्याआधी काय हवं ते सांगा’ असं म्हटलंत तर समोरच्याला काहीतरी ठरवावं लागतं. आणि याला लाड समजू नका. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडला. तुम्ही नऊला घरी पोचता. किती तास होतात ते तुमचं तुम्हीच मोजा.

आता आईचं. पुसलेल्या पट्ट्यांना तुम्ही जेवढी जागा दिलीत तेवढीसुद्धा तिला दिलेली नाही, पण तुमचं पत्र मला तिच्यासाठीच आलंय असं वाटतं. फोनचा संकल्प तुम्ही पाळताय, तरी तो न पाळल्यासारखा सलतोय, कारण काय मिळत नाहीये ते तुम्हाला कळतंय. ‘तू कामात असशील’ ही तक्रार असती तर बरं झालं असतं, तक्रारीला उत्तर देता येतं. ती तुमची सुटका करतेय. तिच्या कानावर हॉर्न पडतात, तुमचे ‘हं… हं…’ पडतात, ‘थांब, एक फोन येतोय’ पडतं. फोन तुम्ही ठेवायच्या आत आपणच ठेवावा, म्हणजे मुलाला अवघडल्यासारखं होणार नाही, हे ती हळूहळू शिकलीय. तुमच्या वहीतला संकल्प तिला ठाऊकही नाही. ‘दर आठवड्याला’ ही अट तुमची, तिची कधीच नव्हती.

म्हणून गाडीतून फोन करणं बंद करा. गाडी चालवताना करत असाल तर आजपासूनच. त्या फोनने आईचं मन भरत नाही आणि रस्त्यावरही लक्ष राहत नाही. दोन आठवड्यांनी एकदा केलात तरी चालेल, पण बसून, हातात दुसरं काही न घेता करा. औषध घेतलंस का, झोप लागली का, असले हजेरी घेणारे प्रश्न एकदाच विचारा आणि संपवा. मग तिला काहीतरी मागा. तुम्हाला येत नाही आणि तिला येतं असं काही असेलच. नात्यातलं कोण कोणाचं लागतं ते विचारा, तुमच्या मुलीएवढे असताना तुम्ही कसे होतात ते विचारा. पहिल्या दोनतीन वेळा ती तरीही म्हणेल, ‘बरं, तू कामात असशील.’ तेव्हा ‘नाही, मोकळा आहे’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. लगेच विश्वास बसणार नाही तिचा. का बसावा?

आणि बाबा? ‘आईबाबांना’ या शब्दात एकदाच आले आणि पुढे पत्रातून गायब. माझा अंदाज असा, की फोन त्यांनी उचलला तर दोन वाक्यांत ‘आईला देतो’ होतं. या पिढीतल्या बऱ्याच वडिलांना ख्यालीखुशालीच्या गप्पा जमत नाहीत, काम दिलं की मात्र ते तासभर बोलतात. तर त्यांना काम द्या. तो अर्ज आहे ना, त्याचा मजकूर फोनवर त्यांना वाचून दाखवा. एखादा शब्द नक्की बदलायला लावतील. बदला.

अर्जाबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. तुमच्या वहीतली हीच एक गोष्ट अशी आहे, की जी तुम्ही केली नाहीत म्हणून इतरांनीही केली नाही. मानसशास्त्रज्ञ बिब लताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला. खोलीत हळूहळू धूर सोडला. खोलीत एकटा माणूस असताना ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. तिघं एकत्र असताना मात्र ३८ टक्के गटांतच कोणी एकजण उठला. जबाबदारी वाटली गेली की कोणाच्याच वाट्याला येत नाही. तिथे निदान कोणी ‘मी सांगतो’ म्हणालं नव्हतं. तुम्ही सभेत म्हणालात. त्या दिवशी बाकीचे सगळे निर्धास्त झाले, आणि मुलं आजही अंदाजानेच रस्ता ओलांडतायत.

हे काम एका सुट्टीच्या सकाळचं आहे. विषयाची ओळ, नेमकी जागा, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा, तारखेसह दोन फोटो, आणि मागणी एकच : पट्टे पुन्हा रंगवा. गतिरोधक, सिग्नल, फूटपाथ असं सगळं एकाच कागदात घुसडू नका, नाहीतर तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. वीसेक पालकांच्या सह्या घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि तिचा फोटो सभेतल्या सगळ्यांना पाठवा. पुढचा पाठपुरावा दुसऱ्या कोणालातरी नाव घेऊन सोपवा. ‘कोणीतरी बघा’ म्हणालात तर कोणी बघणार नाही. आणि हे होणारच नसेल, तर आजच सगळ्यांना तसं कळवा. त्यात कमीपणा नाही. कळवलंच नाहीत, तर मात्र आहे.

राहिला प्रवास. नेदरलँड्समधल्या दीड हजारांहून जास्त लोकांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की सहलीला जाणारे लोक जास्त आनंदी असतात ते निघण्याआधी. परतल्यावर त्यांच्यात आणि घरी राहिलेल्यांत फारसा फरक उरत नाही. अपवाद अगदी निवांत सहलीचा, आणि तिचाही असर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणजे लांबचं, मोठं काही योजायच्या खटपटीत पडू नका. जवळची, एका मुक्कामाची का होईना, तारीख आत्ता ठरवा आणि वाट बघायचं सुख महिना-दोन महिने दोघांनी घ्या. कुठे जायचं ते बायकोला ठरवू द्या, मागची सहल तिने एकटीनेच केलीय. लॅपटॉप घरी. कपड्यांच्या खाली लपवून न्यायचा विचार असेल तर सांगते, तो तिला बॅग उचलताच कळतो.

– ताई