मुलगा म्युनिकमध्ये कंपनी काढतोय आणि सरकार म्हणे पैसे देतंय

प्रश्न : मुलगा म्युनिकला एम.एस. झाला. चांगली नोकरी समोर असताना दोन मित्रांबरोबर कंपनी काढायची म्हणतो. वर्षभर जर्मन सरकार दरमहा पैसे देईल, असं त्याचं म्हणणं. हे कर्ज आहे का? कंपनी बुडाली तर फेडायचं कुणी?
– एक वडील, सांगली

उत्तर : कर्ज नाही, फेडायचं काही नाही. आधी तेवढा घोर मिटवते.

तो सांगतोय ती बहुधा ‘एक्झिस्ट’ ही केंद्र सरकारची योजना. पदवीधराला महिना २,५०० युरो, पीएच.डी. असेल तर ३,०००, अजून शिकत असेल तर १,०००. पदरी मूल असेल तर वर १५०. मुदत एक वर्ष. अर्ज विद्यापीठामार्फत जातो, पैसाही विद्यापीठाच्या हातून येतो. इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, एका विद्यापीठाच्या स्टार्टअप कक्षात मी हे अर्ज चाळत आले आहे. यंत्र कसं चालतं यावर पानंच्या पानं असतात आणि ते विकत कोण घेणार यावर चार ओळी. तुमच्या मुलाच्या अर्जातल्या त्या चार ओळी त्याला फोनवर वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला जर्मन येत नसेल तर उत्तमच, त्याला मराठीत समजावून सांगावं लागेल.

पण हा पगारही नव्हे. आरोग्यविमा स्वतःच्या खिशातून, पेन्शनच्या खात्यात जमा शून्य, आणि या वर्षाच्या जोरावर पुढे बेकारभत्ता मिळत नाही. त्यात म्युनिकचं घरभाडं. शिक्षणकर्जाचा हप्ता चालू असेल तर ते वर्षभर तो हप्ता तुम्हालाच भरायचा असं धरून चाला. निवासपरवान्याचंही आधी बघायला हवं. अशा शिष्यवृत्तीवर कंपनी उभारणाऱ्यांसाठी २०२४पासून वेगळी तरतूद आहे, पण तिचा अर्ज परदेशी नागरिकांच्या कचेरीत वेळेवर पडला पाहिजे, आणि त्या कचेरीच्या वेगावर कुणी विसंबू नये.

तुम्ही पैशाबद्दल विचारलंत, हिश्शाबद्दल नाही. मला काळजी तिथे वाटते. तिघं मित्र, समान तीन वाटे, आणि आठव्या महिन्यात एकाला नोकरी लागली तर? त्याचा तिसरा वाटा घेऊन तो जाणार का? रीत अशी की हिस्सा चार वर्षांत हळूहळू पक्का होतो आणि पहिल्या वर्षाच्या आत गेलेल्याला काही मिळत नाही. ‘आम्ही मित्र आहोत, कागद कशाला’ हे वाक्य मी जर्मन मुलांच्या तोंडूनही ऐकलंय. भाऊबंदकी काय असते ते सांगलीकरांना मी सांगायला नको. दुसरं म्हणजे, विद्यापीठाच्या नोकरीत असताना लावलेल्या शोधावर पहिला हक्क विद्यापीठाचा. प्राध्यापकांची यातून असलेली सूट २००२ साली गेली. पेटंट विद्यापीठाच्या नावावर असेल तर ते कंपनीला कुठल्या अटींवर मिळणार, हे लेखी हवं.

आणि कंपनी-नोंदणीच्या दिवशी मुलाला पोटभर जेवून जायला सांगा. कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा आपला नोटरी वेगळा आणि इथला वेगळा. इथे तो अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो, कायदाच तसा आहे. मर्यादित कंपनीचा एक शेअर कुणाला द्यायचा झाला तरी पुन्हा नोटरी, पुन्हा वाचन. म्हणून जर्मन स्टार्टअप नोकरांना खऱ्या शेअरऐवजी ‘व्हर्च्युअल’ शेअर देतात, म्हणजे कंपनी विकली गेली तर पैशाचं वचन.

प्रश्न : युरोपीय सरकारं एवढा पैसा ओततात, तरी तिथे गूगल का उभं राहत नाही? म्हणजे सरकारी पैसा वायाच ना?
– एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : वाया जाण्याचा एक नमुना आधी देते, मग तुमच्याशी भांडते.

१९७५ साली पश्चिम जर्मनीत बँकांना एकत्र करून सरकारी पाठबळाची व्हेंचर कॅपिटल कंपनी निघाली, म्हणजे जोखमीच्या नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा घालणारी. तोट्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत हमी सरकारची. शिवाय उद्योजकाला मुभा होती की, धंदा चालला तर मूळ रक्कम आणि माफक व्याज देऊन आपला हिस्सा परत घ्यावा. हिशेब करून बघा. बुडतील त्या कंपन्या गळ्यात राहणार आणि जी उडेल ती हातातून जाणार. या धंद्यात दहातली एखादीच बाकीच्यांचा तोटा भरून काढते, आणि नेमकी तीच यांनी सोडून दिली. व्हायचं तेच झालं.

सरकारं त्यातून शिकली. बॉनचा ‘हाय-टेक ग्रुंडरफाँड्स’ हा सरकारी पाठबळाचा फंड २००५ पासून खासगी कंपन्यांना सोबत घेऊन अगदी सुरुवातीच्या टप्प्यात पैसा घालतो, आणि नफ्यातला वाटा सोडत नाही. कोविडची लस काढणारी माइन्ट्सची बायोएनटेक घ्या. तिलाही सुरुवातीला सरकारी संशोधन-अनुदान होतं, पण मोठा पैसा घातला श्ट्र्युंगमान या जर्मन उद्योजक भावांनी, आणि २०१९ साली शेअरबाजारात उतरायला कंपनी गेली कुठे? न्यूयॉर्कच्या नॅसडॅकवर!

खरी अडचण या मधल्या आणि वरच्या टप्प्यात आहे. अमेरिकेत १९७९ साली पेन्शन फंडांना व्हेंचरमध्ये पैसा घालायची वाट मोकळी झाली आणि पुढचा पैशाचा पूर तिथून आला. जर्मनीत आजच्या नोकरदाराची वर्गणी आजच्याच पेन्शनरला जाते, मग गुंतवायला ढीग साचणार कुठून? दहा लाख युरो इथे मिळतात. दहा कोटी हवे झाले की विमान अटलांटिकपलीकडे जातं आणि पुष्कळदा मुख्यालयही त्याच विमानाने. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालात आकडा आहे. २००८ ते २०२१ दरम्यान युरोपात स्थापन झालेल्या १४७ युनिकॉर्न (म्हणजे शंभर कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या) कंपन्यांपैकी ४० बाहेर गेल्या, बहुतेक अमेरिकेत. फ्रान्सने २०१९पासून विमा कंपन्यांना या धंद्यात ओढायला सुरुवात केली. मला तो रस्ता अनुदानं वाढवण्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आणि नाही म्हणणं हेही धोरणच. म्युनिकजवळच्या लिलियमने विजेवर उडणाऱ्या टॅक्सीसाठी केंद्राकडे पाच कोटी युरोंच्या कर्जाला हमी मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये संसदेच्या अर्थसंकल्प समितीत ती अडली आणि कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सरकारने स्टार्टअप मारलं, अशी ओरड झाली. तोवर त्या विमानात एकही प्रवासी बसलेला नव्हता. मी त्या समितीत असते तर हात वर केला नसता.

प्रश्न : एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी काढली की युरोपात राहता येतं, असं एक एजंट सांगतो. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खोटं. डिसेंबर २०१४ पासून मिळणारी ही फक्त डिजिटल ओळख आहे. तिने कंपनी ऑनलाइन काढता येते, कागदांवर सही करता येते. व्हिसा मिळत नाही, राहण्याचा हक्क नाही. नफा कंपनीत ठेवला तोवर एस्टोनियात त्यावर कर लागत नाही, ही गोष्ट खरी. पण तुम्ही नाशिकला राहता, तेव्हा लाभांश हातात आला की भारतातला आयकर आहेच. तुमचे परदेशी ग्राहक युरोपीय कंपनीचंच बिल मागत असतील तर सीएला विचारून जरूर काढा. एजंटला मात्र पैसे देऊ नका, अर्ज घरबसल्या भरता येतो.