पाठाचे उद्दिष्ट आणि अध्ययन निष्पत्ती

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवते. 'विद्यार्थ्यांना सममूल्य अपूर्णांकांची संकल्पना समजते' ही टाचणातली (पाठाच्या लेखी नियोजनातली) अध्ययन निष्पत्ती मोघम आहे, असा शेरा मला मिळाला. ती कशी लिहावी?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : शेरा योग्य आहे, परंतु आपले वाक्य टाकून देऊ नका, 'संकल्पना समजावी' असे करून ते उद्दिष्ट म्हणून ठेवा. हा पाठ आपण कशासाठी घेत आहोत, हे उद्दिष्टातून कळते. निष्पत्तीत मात्र तासाअखेर विद्यार्थी काय करून दाखवील ते लिहायचे असते, आणि 'समजणे', 'जाणणे' या क्रिया वर्गात कोणालाही दिसत नाहीत.

त्याऐवजी असे लिहिता येईल : 'दिलेल्या अपूर्णांकाचे दोन सममूल्य अपूर्णांक विद्यार्थी लिहितो आणि ते समान का आहेत, हे आकृती रंगवून स्पष्ट करतो.' यातला उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणण्याची रीत पाठ असलेले मूल २/३ चे ४/६ बिनचूक लिहिते; परंतु या दोहोंत मोठा कोणता असे विचारले, की आकडे मोठे दिसतात म्हणून ४/६ कडे बोट दाखवू शकते. पूर्वार्धावरच थांबलेली निष्पत्ती ही उणीव झाकून ठेवते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये अशा विधानासाठी कृती, ती करण्याची परिस्थिती आणि अपेक्षित अचूकता असे तीन घटक सांगितले. रोजच्या टाचणात पहिले दोन कटाक्षाने लिहावेत. अचूकतेच्या नावाखाली '८० टक्के विद्यार्थी' असे सवयीने जोडलेले शेपूट मात्र काही साधत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या १९५६ च्या वर्गीकरणावर आधारलेले क्रियापदांचे तक्ते उपयोगी आहेत, पण आधी आशय ठरवावा आणि मग क्रियापद शोधावे.

एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने) २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्ययन निष्पत्ती संपूर्ण इयत्तेसाठी आहेत. त्या जशाच्या तशा उतरवल्या, तर एका तासिकेत काय साधायचे हे ठरतच नाही. म्हणून त्यांतला आजचा तुकडा वेगळा काढावा लागतो. तो योग्य निघाला का हे पाहण्यासाठी शेवटच्या पाच मिनिटांत विचारायचा प्रश्न टाचणात आधीच लिहावा. निष्पत्तीत 'स्पष्ट करतो' असेल आणि प्रश्न रिकाम्या जागा भरण्याचा असेल, तर प्रश्न बदलावा.