अहवाल परत पाठवतोय

इंदूर,
रविवार, सकाळ

चि. हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या फिल्मच्या प्रकल्पाचा अहवाल वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी मध्येच उठून चहा ठेवायला गेलो आणि परत आल्यावर कुठवर आलो होतो तेच सापडेना. यावरून काय ते समज. ‘या प्रकल्पातून मला संघभावना, नेतृत्वगुण, वेळेचे नियोजन व संवादकौशल्य शिकायला मिळाले.’ अगं, हे वाक्य एनसीसीच्या कॅम्पला चालतं, क्रिकेटच्या शिबिराला चालतं आणि गणपतीच्या वर्गणीलाही चालतं. सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि रात्री खाऊगल्ली, तिथे तू पाच रात्री पाय दुखेपर्यंत उभी होतीस, त्याचा यात मागमूस नाही.

कॉलेजात तो इंग्रजीत द्यायचाय, ठाऊक आहे. मला आधी मराठीत लिहून पाठवलास ते बरं केलंस. घरच्या भाषेत थाप मारली की लगेच ऐकू येते.

आता एक कबुली. हार्ड डिस्क तू कॉपी करायला दिली होतीस, पण मी ती बघत बसलो. सगळी. 6 तास 40 मिनिटांच्या रशेस, म्हणजे न कापलेलं सगळं चित्रण, आणि फिल्म 11 मिनिटांची. चार रात्री गेल्या. घरात बोलणीही खाल्ली. फिल्ममध्ये जमलेलं तेवढं उरतं. कुणाचा हात कधी वळला, हे बघायचं तर रशेसच बघाव्या लागतात. म्हणून तुझ्या अहवालात काय हवं होतं, हे सध्या तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

पहिल्या रात्रीची, त्या पेढीवाल्या काकांची क्लिप काढ. पेढी बंद झालीय, काका ओट्यावर बसलेत, मागे कुणीतरी लोखंडी टेबल ओढत आणतंय. तू विचारतेस, ‘काका, या जागेबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ ते म्हणतात, ‘वाटायचं काय, आमचं सगळं...’ आणि तेवढ्यात तू म्हणतेस, ‘हो हो, बरोबर,’ आणि पुढचा प्रश्न. चौदा मिनिटांत मी तुझे ‘हो हो’ मोजले. एकतीस! माईक एकच, ट्रॅक एकच, आणि तुझा ‘हो हो’ नेमका त्यांच्या शब्दावर बसलेला. संकलन करणाऱ्याने तिथे करायचं तरी काय? कात्री घालायची तर त्यांचाही शब्द तुटतो. त्या रात्रीचं एकही वाक्य फिल्ममध्ये नाही, आणि अहवालात तू कारण दिलंयस ‘ध्वनिमुद्रणाचा दर्जा समाधानकारक नव्हता’. दर्जा उत्तम होता गं. मध्ये तू होतीस.

आता चौथी रात्र. तोच ओटा, तेच काका. या वेळी विचारतेस, ‘दुकान वाढवल्यावर तुम्ही काय करता?’ प्रश्नच बदललाय बघ. ‘काय वाटतं’ म्हटलं की माणूस भाषण शोधायला लागतो, ‘काय करता’ म्हटलं की खरं सांगतो. काका म्हणतात, ‘घरी जातो.’ आणि थांबतात.

तूही थांबतेस. टाइमलाइनवर मोजलं, सात सेकंद आणि वर थोडं. त्या सात सेकंदांत पलीकडचं शटर खडखडत खाली येतं, कुणीतरी भट्टी पेटवतं, तिचा फुस्स आवाज येतो. फ्रेमच्या डाव्या कडेला तुझी बोटं दिसतात, ओढणीचं टोक गुंडाळताहेत. बोलायचं नाही म्हणून धरून ठेवलेली ती बोटं मी तीनदा मागे जाऊन पाहिली. मग काका बोलतात: ‘चाळीस वर्षं या ओट्यासमोर रबडी घोटतायत. मी इथे कधी खाल्लं नाही. आधी आई जेवायची थांबायची, मग ही थांबायची. आता कोणी थांबत नाही. तरी पाय तिकडेच वळतात.’

तुझी अकरा मिनिटं या वाक्यावर उभी आहेत. बाकी गराडूचे तळलेले तुकडे, भुट्ट्याचा किस, खोपरा पॅटिस हे सगळं कुठलाही इंदुरी भिया, म्हणजे भैया, मोबाईल घेऊन शूट करतो आणि रोज करतो.

मग पहिली रात्र आणि चौथी रात्र यांच्यामध्ये काय झालं? तूच मला सहज बोलून गेली होतीस. दुसऱ्या दिवशी सबटायटलसाठी तू ती क्लिप ऐकून शब्द न् शब्द कागदावर उतरवत बसलीस, आणि स्वतःचा आवाज ऐकून कान गरम झाले म्हणालीस. रात्री दोन वाजता हेडफोन लावून तू स्वतःचं ‘हो हो’ ऐकलंस, शिकलीस ती तिथे. अहवालात हे लिही. तारीख, वेळ, एकतीसचा आकडा, सगळं. ‘संवादकौशल्य’ हा शब्द मग लागणारच नाही.

लाज वाटेल, ठाऊक आहे. मग माझी ऐक. 1993-94 ची गोष्ट, मी लग्नाचे व्हिडिओ करायचो. खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा, आणि एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर समोरासमोर. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, आणि दर उतरवणीला चित्र थोडं मरायचं. एका लग्नात मंगलाष्टकांसाठी बाहेरचा माईक लावला होता. जॅक पुरता आत गेलाच नव्हता. बाहेरचा माईक टोचला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक बंद होतो, त्यामुळे तोही गेला. अंतरपाट दिसतो, अक्षता उडताना दिसतात, आत्याबाईंचे हलणारे ओठ दिसतात, आणि आवाज शून्य. मुलीच्या वडिलांनी कॅसेट पाहून मला एक शब्दही सुनावला नाही, फक्त विचारलं, ‘परत लावून बघू या का?’ त्यानंतर हेडफोन कानात घातल्याशिवाय मी रेकॉर्डचं बटण दाबलेलं नाही. कुणी विचारलं की तुम्ही साउंड कुठे शिकलात, तर मी कोर्सचं नाव सांगत नाही, हे लग्न सांगतो.

‘तांत्रिक अडचणी आल्या व त्यांवर मात केली’ हे तुझं दुसरं वाक्य. कुठल्या अडचणी? मीच सांगतो. पहिल्या रात्रीच्या निम्म्या शॉट्समध्ये आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो-मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर 1/60 सेकंदावर असेल तर कॅमेऱ्याचा आणि दिव्याचा ताल जमत नाही आणि पट्टे येतात. दुसऱ्या रात्री तुम्ही 1/50 केलंत आणि ट्यूबलाइटचे पट्टे गेले. इथवर यूट्यूबसुद्धा शिकवतं. पण कुल्फीवाल्याची ती लाल-हिरवी एलईडीची पाटी तरी लुकलुकतच राहिली, कारण तिचा सर्किटचा ताल वेगळा, तो विजेला जुमानत नाही. तेव्हा तू काय केलंस? सेटिंगशी झटापट सोडलीस, कॅमेरा दोन पावलं डावीकडे घेतलास आणि पाटी खांबाआड गेली. मला हे 1/50 पेक्षा जास्त आवडलं.

आणि ती कचरागाडी! काकांच्या घरची सकाळची मुलाखत पाहून मी एकटाच हसत होतो. 2017 साली शहर स्वच्छतेत पहिलं आलं, तेव्हापासून त्या गाडीवर वाजणारं गाणं इंदूरकरांच्या रक्तातच गेलंय. तुमच्या क्लिपमध्ये गाडी गल्लीच्या तोंडाशी येते, दारापुढे थांबते, शेजारीणबाई बादली घेऊन धावतात, आणि काका गाण्यावरून बोलतच राहतात. मागे गाणं असलं की बोलणं कापताच येत नाही. एक वाक्य काढलं की गाण्याची ओळही उडी मारते, आणि आंधळ्यालाही कट दिसतो. पुढच्या सकाळी तू आधी शेजारणीला विचारलंस, गाडी किती वाजता येते? ते रेकॉर्डिंग चालू असताना विचारलंयस म्हणून मला कळलं. नंतर मुलाखतीच्या शेवटी ‘आता अर्धा मिनिट कोणी बोलू नका’ असं सांगून त्या खोलीची नुसती शांतता टेप करून घेतलीस. पंखा, लांबची स्कूटर, काकांचा एक खोकला. फिल्ममध्ये चार जोड त्या शांततेनेच बुजवलेत. या सवयीला चाळीस रुपयांचाही खर्च नाही आणि निम्म्या व्यावसायिकांना ती नसते.

संघभावनेबद्दल थोडक्यात. तिसऱ्या रात्री शूट झालंच नाही, कारण ट्रायपॉड आला आणि त्यावर कॅमेरा बसवायची प्लेट घरी, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटलेली. त्यावरून तुझं आणि तुमच्या कॅमेऱ्यावाल्याचं जे वाजलं तेही रेकॉर्ड झालंय, काळजी करू नकोस, मी कुणाला ऐकवणार नाही. चौथ्या रात्रीपासून तू सगळ्यांना मेसेज पाठवायला लागलीस: कोण काय आणणार, प्लेट कुणाकडे, बॅटऱ्या कुणी चार्ज केल्या. तो मेसेजच अहवालाला जोड. भांडणाचं लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी असतो तर लिहिलं असतं.

एक गोष्ट मात्र तू स्वतः होऊन कधीच सांगितली नसतीस. क्लिपांचे नंबर बघताना 0062 नंतर एकदम 0064 आला. मधली गळाली कुठे? 0064 सुरू होते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कारखान्यातल्या त्या बंगाली कारागिराचा आवाज येतो, ‘पक्का डिलीट किया ना?’ आणि तू म्हणतेस, ‘हाँ भैया, देख लो, आपके सामने.’ तिजोरी दिसत होती ना शॉटमध्ये? हाताने सोनं वळतानाचा शॉट, वरून एकच बल्ब, म्हणजे शॉट सुंदर असणार. तू तो पुसलास आणि माणसाला दाखवलास. त्यानंतर त्याच माणसाने तुला वीस मिनिटं काम करू दिलं. डिस्कवर नसलेल्या या क्लिपबद्दल अर्धं पान लिहिलंस तरी चालेल.

संकलनावर तू सर्वांत जास्त लिहिलंयस आणि तेच सर्वांत पातळ झालंय. सॉफ्टवेअरची यादी काढून टाक. पहिला कट 19 मिनिटांचा होता, 11 वर कसा आला ते सांग. आपलं भांडण झालं तो गराडूचा शॉट आठवतो? तुम्ही तो सेकंदाला 100 फ्रेमवर घेतला होता आणि 25 च्या टाइमलाइनवर चौपट संथ करून टाकला होता. कढईतून वर येणारे तुकडे, मसाला भुरभुरतोय, चाळीस सेकंद. मी म्हटलं काढ, तू म्हणालीस सगळ्यात चांगला शॉट तोच आहे. होताच. पण तो काकांच्या वाक्याच्या लगेच आधी होता, आणि रसिकाच्या तोंडाला पाणी सुटलेलं असताना ‘मी इथे कधी खाल्लं नाही’ हे ऐकू येत नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी तो काढलास, वर भट्टीचा फुस्स आवाज चित्राच्या दोन सेकंद आधी सुरू केलास. हे मी सुचवलेलं नव्हतं, हेही लिही. नाहीतर श्रेय उगाच म्हाताऱ्याला जाईल.

भाषेची एक तक्रार: ‘मात केली’, ‘आत्मसात केले’, ‘अनमोल अनुभव’ हे शब्द दिसले की माझी पेन्सिल आपोआप उचलली जाते. कापून पाठवलंय, राग मानू नकोस.

दुसरा खर्डा गुरुवारपर्यंत दे. संध्याकाळी आलीस तर हार्ड डिस्कही नेता येईल, पण येताना रिकामी दुसरी डिस्क आण. 6 तास 40 मिनिटांची एकच प्रत घेऊन तू रिक्षातून फिरतेस हे मला कळल्यापासून झोप नाही. आणि काकांना फिल्म दाखवायची राहिलीय म्हणालीस, ती मोबाईलवर दाखवू नकोस. त्यांना ऐकायला कमी येतं, माझ्याकडचे स्पीकर घेऊन जा.

तुझा,
एडिटिंगवाला काका