आईचा पगार बँकेत येतो आणि सुपरवायझर परत काढून घेतो

"ताई, मी पुण्यातल्या एका विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आई तिथेच ठेकेदाराकडून साफसफाईला आहे, सहा वर्षं झाली. पगार बँकेत येतो पण सगळ्या बायकांची एटीएम कार्डं सुपरवायझरकडे असतात, तो दर महिन्याला प्रत्येकीचे अडीच हजार ठेवून घेतो आणि उरलेले हातात देतो. ठेकेदार तीनदा बदलला, पीएफचं काय झालं कोणालाच माहीत नाही. मी विषय काढला की आई म्हणते तुझं शिक्षण होऊ दे, गप्प बस. आमचं त्यावरून भांडण झालंय. कॅम्पसमधे मला आई म्हणू नकोस असंही तिनेच सांगितलंय. मला इन्स्टावर सगळं लिहून टाकावंसं वाटतं. काय करू?"

अगं बाळा, तू विद्यापीठाचं, वस्तीचं, सगळ्यांची नावं लिहिली होतीस, ती मी काढून टाकलीत आणि पत्रही थोडक्यात दिलंय, इथे कोण वाचेल सांगता येत नाही. इन्स्टावरही आत्ता काही टाकू नकोस. तुझं नाव लपेल पण एका बिल्डिंगवर किती बायका कामाला असतात, दहा-बारा, सुपरवायझर दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीलाच ओळखेल कोणाची मुलगी शिकते ते. आणि मार आईवर पडेल, तुझ्यावर नाही.

आधी त्या भांडणाबद्दल बोलते कारण मला वाटतं तुला खरं ते जास्त खुपतंय. तू आईला म्हणालीस "तू सहनच का करतेस". ती घाबरट आहे म्हणून गप्प नाहीये गं. तिने हिशोब केलाय, अडीच हजार गेले तरी बाकीचे येतात, घरभाडं निघतं, तुझा पास निघतो, आणि काम गेलं तर सगळंच जातं. हा हिशोब तिने सहा वर्षं एकटीने डोक्यात ठेवलाय. म्हणून पहिलं जाऊन सॉरी म्हण. आणि एक लक्षात ठेव, पैसे तिचे आहेत, लढायचं की नाही ते ती ठरवणार, तू तिच्या डोक्यावरून लढायला गेलीस तर सुपरवायझरसारखंच तूही तिला न विचारता तिच्या पगाराचा निर्णय घेतलास असं होईल. कडक बोलतेय पण मनापासून बोलतेय.

तिला कायदा सांगत बसू नकोस. रात्री भाजी निवडताना एवढंच विचार, "आई, अजून कोणाकोणाचे घेतो गं तो?" ती नावं सांगेल. नावं सांगायला लागली की समज विषय सुरू झाला.

आता पैशाचं. हे मला आतून माहितीये कारण मी बावीस वर्षं एका कॉलेजच्या अकाउंट्समधे काढली. साफसफाईच्या ठेकेदाराचं बिल येतं तेव्हा त्याला मागच्या महिन्याची पगारपत्रकं, बँकेत पगार जमा केल्याचा पुरावा, पीएफ आणि ईएसआयचं (म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचं) चलन जोडलेलं असतं, ते बघितल्याशिवाय बिल पास करायचं नसतं. म्हणजे संस्थेने पूर्ण पगाराचे पैसे दिलेले असतात. कागदावर सगळं चोख. एकदा दुपारी एक बाई माझ्या टेबलापाशी आली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, म्हणाली मॅडम माझा पीएफ कुठाय, आणि मी काय म्हणाले तर "ठेकेदाराला विचारा". फाइल माझ्या समोर होती, चलनावर नावांची यादी होती, दोन मिनिटं लागली असती. ती परत आली नाही. ते पासबुक मला अजून दिसतं. म्हणून तुझं पत्र वाचल्यावर मी दुसरं काही केलं नाही, आधी हे लिहायला बसले.

मी त्या बाईला जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं, नुसतं माणुसकीने नाही, कायद्यानेही. ठेक्यावर माणसं घेणारी संस्था ही मुख्य मालक असते. ठेकेदाराने पगार कमी दिला किंवा बुडवला तर उरलेला पगार संस्थेने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे नवे लेबर कोड लागू झालेत त्यातही आहे. पीएफचंही तसंच, ठेकेदाराने नाही भरला तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. तेव्हा "तुमचा आमचा संबंध नाही, तुम्ही एजन्सीच्या" असं कोणी म्हणालं तर ते ऐकून परत फिरायचं नाही.

आणि ते अडीच हजार. सुपरवायझर म्हणेल बायका स्वखुशीने देतात. पगार झाल्यावर कामगाराने मालकाला किंवा त्याच्या माणसाला परत दिलेला पैसा हा कायद्याने पगारातली कपातच धरतात, आणि ही कपात कुठल्याच कायदेशीर यादीत बसत नाही. काम काढून घेईन असं धमकावून घेत असेल तर तो फौजदारी गुन्हा होतो तो वेगळा. महिन्याला अडीच हजार म्हणजे वर्षाला तीस हजार, सहा वर्षांचे एक लाख ऐंशी हजार होतात गं, एका आईचे. आता त्या नव्या लेबर कोडांपैकी पगाराच्या कोडात, म्हणजे वेतन संहितेत, कमी मिळालेल्या पगाराचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, म्हणून जितका उशीर करशील तितके मागचे महिने हातातून सुटत जातात, हे आईला नीट समजावून सांग.

पुरावा तुमच्या घरातच आहे. आईचं पासबुक घेऊन बँकेत जा आणि एंट्री मारून आण, मागची तीन वर्षंही मागून घे. त्यात दिसेल की पगार जमा झाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एटीएममधून एकदम पैसे निघाले, आणि त्या दिवशी आई तर ड्यूटीवर होती. दहा जणींच्या पासबुकात तेच, त्याच तारखांना असेल तर अजून काय पाहिजे. एका वहीत महिना, जमा, हातात आलेले असं लिहून काढ, तुझं अक्षर चांगलं असेल तर बाकीच्या मावश्यांचंही तूच लिहून दे.

पीएफ बघायला आईच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर उमंग अ‍ॅप टाक, यूएएन नंबर (पीएफचा कायमचा खाते नंबर) पाहिजे, तो पगाराच्या स्लिपवर असतो. स्लिपच मिळत नसेल (बहुतेक नसेलच) तर आधार घेऊन पीएफ ऑफिसला जायचं, कॅम्पात गोळीबार मैदानापाशी आहे. ठेकेदार बदलला तरी यूएएन एकच राहायला पाहिजे, प्रत्येक वेळी नवीन नंबर काढला असेल तर जुने पैसे तसेच पडून असतील, ते एकत्र करून मिळतात. ईएसआयचं कार्डही विचार, २१ हजारापर्यंत पगार असेल तर ०.७५ टक्के कापतात आणि त्यात तुझ्यासकट घरच्यांचे उपचार होतात, बिबवेवाडीला त्यांचं हॉस्पिटल आहे. आईचे गुडघे दुखतात लिहिलंयस आणि तुम्ही प्रायव्हेटला पैसे घालताय, जीव तुटतो वाचून.

एटीएम कार्डाची घाई मात्र करू नका. आई एकटीने बँकेत जाऊन कार्ड बंद केलं तर तिला उचलून दुसऱ्या साइटवर टाकतील, हडपसरवरून हिंजवडी. सगळ्या जणी ठरवून एकाच दिवशी कार्डं ब्लॉक करा, नवीन घ्या, पिन आपल्याकडे ठेवा, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. अर्ज कुलसचिवांना, एक प्रत शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयाला. अर्जात तुझं नाव कुठेच नको. माहिती अधिकाराचा अर्जही टाकता येतो, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, सरकारी विद्यापीठ असेल तर कराराची प्रत, पगारपत्रकं, पीएफची चलनं सगळं मागता येतं, आणि तो आईने किंवा तूच टाकायला पाहिजे असं नाही, कोणीही नागरिक टाकू शकतो. वकील लागला तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील देतात.

धोका आहेच, तो मी लपवणार नाही. ठेकेदार चिडेल, एक-दोघींना फोडायचा प्रयत्न करेल, टेंडर संपलं की नवीन यादीत नाव घेणार नाही म्हणेल. म्हणून संघटनेकडे जाऊन आधी बोला. पुण्यात हे नवीन नाहीये, १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातूनच, हमालांची संघटना बांधणारे बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. विद्यापीठातलीच माणसं तेव्हा बायकांबरोबर बसली होती. तुझ्या डिपार्टमेंटला एखादे सर किंवा मॅडम असे आहेत का बघ, ज्यांच्या केबिनमधे तू दार लावून बोलू शकशील.

राहिलं ते "कॅम्पसमधे आई म्हणू नकोस". ती तुझी लाज वाचवतेय असं तिला वाटतं. तू लिहिलंयस की त्या सगळ्या जणी जिन्याखाली बादल्यांच्या बाजूला बसून डबा खातात, तर खरं म्हणजे त्यांना बसायला खोली, प्यायचं पाणी, टॉयलेट देणं हेही संस्थेचंच काम आहे, अर्जात तो मुद्दा घालाच. पण त्याच्या आधी एक दिवस तू तुझा डबा घेऊन तिथे जाऊन बस. कोणाला काही सांगू नकोस, नुसती बस, तिच्या डब्यातली भाजी घे. ती डोळे वटारेल. तरी बस. सगळं कॅम्पस तिला "ओ मावशी" म्हणतं, तिचं नाव काय ते तिथे किती जणांना माहीत आहे गं?

अर्जावर पहिली सही तिची असू दे, पूर्ण नावाने, तिच्या हाताने. मसुदा झाला की मला पाठव, मी वाचून दुरुस्त करून देईन. दोन प्रती न्या आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.