रात्री डॉक्टरांना उठवताना

लेकरा,

नाइट ड्युटीत पेशंट बिघडतोय असं वाटलं तरी डॉक्टरांना फोन करायची भीती वाटते, असं तू लिहिलंस. "उगीच उठवलं तर सर ओरडतील" हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलंय. पेशंटचा श्वास मिनिटाला किती होता, ते एकदाही नाही. म्हणून तिथूनच सुरू करते.

ताप-नाडी-श्वास लिहायच्या टीपीआर चार्टवर रेस्पिरेशनच्या रकान्यात सगळ्यांचं वीस-वीस लिहिण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. नाडी यंत्र दाखवतं, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, तेही यंत्र दाखवतं. श्वास मात्र छातीकडे बघत, घड्याळ लावून, पुरा मिनिटभर मोजावा लागतो, आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा पहिला तोच बदलतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या, पेशंट किती बिघडलाय ते गुणांनी मोजणाऱ्या 'न्यूज' तक्त्यात श्वास २५ किंवा वर गेला की त्या एकट्यालाच पूर्ण ३ गुण आहेत. १९९० साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. वॉर्डात हृदय बंद पडलेल्या पेशंटपैकी ८४ टक्क्यांच्या कागदांवर आधीच्या आठ तासांत बिघाडाच्या खुणा नोंदलेल्या सापडल्या. म्हणजे 'अचानक' म्हणतो ते बरेचदा लिहून ठेवलेलंच असतं.

आपल्या भागातलं उदाहरण घे. फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट. पहिल्या रात्री विषावरचं अ‍ॅट्रोपिन चालू असतं, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, सगळे त्याच्याभोवती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बोलतो, चहा मागतो, नातेवाईक सुट्टीचं विचारतात आणि वॉर्डाचं लक्ष उडतं. धोका नेमका तेव्हा. २४ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींच्या मानेचे, दंडा-मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. अ‍ॅट्रोपिन वाढवून ते सुधारत नाही, व्हेंटिलेटर लागतो. म्हणून दर राउंडला त्याला सांग, "दादा, उशीवरून मान उचला." उचलली नाही की फोन कर. ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसतं, त्याच्या भरवशावर थांबू नको. मण्यार चावलेल्याचंही असंच. पापण्या जड झाल्या, डोळे उघडेनात, की झोप आली असेल असं धरायचं नाही.

आणि पेशंटची बायको जर म्हणाली, "सिस्टर, हे येगळंच करायलेत," तर उठून जा. ती त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ओळखते. सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलात १९९० साली बिघडत्या पेशंटसाठी धावून येणारी टीम सुरू झाली. अशा टीमला बोलावण्याच्या कारणांत आकड्यांच्या जोडीला 'काळजी वाटते' हेही कारण धरतात. निदान करणं तुझं काम नाही. संध्याकाळी होता तसा हा आता नाही, एवढं कळलं की फोन करायला पुरे.

पण फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" म्हणशील तर झोपेतला माणूस "बरं, बघतो" म्हणून कूस बदलेल. त्यात त्याचाही पूर्ण दोष नाही. असं बोल:

"सर, मेल मेडिकलची सिस्टर बोलतेय. बेड नऊ, विषबाधा, तिसरा दिवस. श्वास ३२, सॅच्युरेशन ऑक्सिजनवर ९१, मान उचलत नाही. श्वासाचे स्नायू थकतायत असं वाटतंय. तुम्ही आत्ता या, मी अंबू आणि ट्यूब काढून ठेवते. किती मिनिटांत येताय?"

शेवटचा प्रश्न गाळू नको. कॉलेजात तुम्हाला 'एसबार' म्हणून शिकवलं ते हेच: आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, काय हवंय. मुळात ते अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलंय, पण बीड जिल्ह्यातल्या तुझ्या केजच्या वॉर्डातही चालतं.

पेशंटला सोडून स्वतः धावत जायचं नाही. वॉर्डबॉय मामांना पाठव, आया मावशींना हाक मार, कुणीच नसेल तर नातेवाइकाला पळव. डॉक्टर सांगितलेल्या वेळेत आले नाहीत तर पुन्हा फोन, मग दुसऱ्या ऑन-कॉलला, मग अधीक्षकांना. याला तक्रार म्हणत नाहीत. तुमच्याकडे व्हेंटिलेटर नसेल तर १०८ अँब्युलन्सची गोष्टही त्याच फोनवर काढ. तिथून अंबाजोगाईच्या स्वारातीला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, पोचायला लागणारा वेळ पेशंटच्याच श्वासातून जातो.

प्रत्येक फोन केसपेपरवर वेळेसकट लिही. '२.१० ला फोनवर कळवले, श्वास ३२. २.२५ ला पुन्हा कळवले.' मनातला राग तिथे उतरवू नको, फक्त आकडे.

ओरडा बसेल, कधीकधी बसेलच. ऐकून घे आणि विचार, "सर, मग कोणत्या आकड्याला फोन करू?" मिळालेलं उत्तर नोट्समध्ये लिहून टाक. चांगले डॉक्टर या प्रश्नावर नरमतात. उरलेल्यांशी इन्चार्ज सिस्टर बोलतील, ती तुझी लढाई नाही.

आणि उद्या ड्युटीची ओव्हर घेताना आधी इमर्जन्सी ट्रे उघड. अंबूचा, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा, मास्क मोठ्या माणसाच्या मापाचा आहे का बघ, आणि ट्यूब घालताना घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघ. सेल कालच बदललेत असं कुणी सांगितलं, तरी लावून बघ.

तुझी,
ताई