टी५०आरपीला शिसवीचे कप: लाकूड सगळ्यात शेवटी ठरवा

तुम्ही विचारलंय की फॉस्टेक्स टी५०आरपी एमके३ या हेडफोनला शिसवीचे कप कातून घेतले तर आवाज भरदार होईल का, आणि कपच्या आत काय भरायचं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कानाला जाणवणारा बहुतेक फरक तिथेच पडतो.

लाकडाबद्दलची समजूत बहुधा वाद्यांवरून आलेली असते. सतारीची तबली पातळ ठेवतात, कारण तिने थरथरायचं असतं. हेडफोनच्या कपने थरथरायचं नसतं. सहा-आठ मिलिमीटर जाडीची, नीट वाळलेल्या लाकडाची भिंत पुरेशी ताठ असते. ती शिसवीची की सागाची हे कानाला कळणं फार कठीण. लोकांना दोन लाकडांत जो फरक ऐकू येतो, तो बहुतेक वेळा कपची खोली, आतला आकार, वजन आणि पॅडची (कानाभोवतीच्या गादीची) पकड बदलल्यामुळे असतो. टी५०आरपीच्या आधीच्या आवृत्तीचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) घेऊन मिस्टरस्पीकर्स कंपनीच्या डॅन क्लार्क यांनी २०१३ मध्ये अल्फा डॉग हा हेडफोन काढला. त्याचे कप थ्रीडी प्रिंटरवर बनवलेले, दुहेरी भिंतींचे होते आणि बेस कमी-जास्त करायला एक स्क्रू होता. शिकागोच्या झेडएमएफ कंपनीने टी५०आरपीच्याच ड्रायव्हरला लाकडी कप दिले. दोन्ही नावाजले गेले, कारण दोघांनीही कपच्या आतल्या हवेवर मेहनत घेतली होती.

त्या हवेचं गणित सोपं आहे. ड्रायव्हरच्या मागची बंद हवा स्प्रिंगसारखी पडद्याला अडवते. कप लहान तर स्प्रिंग कडक आणि बेस कमी. कप मोठा तर पडदा मोकळा. दुसरी गोष्ट समोरासमोरच्या भिंतींची. ड्रायव्हरपासून कपचा तळ ३० मिमीवर असेल तर ५७०० हर्ट्झच्या आसपास आवाज तिथे घुमतो. आतली रुंदी ७० मिमी असेल तर २४५० हर्ट्झजवळ. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण माणसाच्या आवाजाची स्पष्टता याच पट्ट्यात असते आणि कपची पोकळी तिथे घुमली की गाणं नाकातून आल्यासारखं वाटतं. म्हणून कातारी दादांना सपाट तळ आणि सरळ भिंती करू देऊ नका. आतून गोलसर वाटीचा आकार मागा, जमलं तर तळ थोडा तिरका.

आता भरण. कपच्या तळाला पातळ फेल्ट (दाबलेल्या तंतूंचं कापड) चिकटवून काम झालं असं समजू नका. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे तिथे चिकटवलेला पातळ थर फक्त वरच्या सुरांना थोडं आवरतो. खरा परिणाम हवा जिथे हलते तिथे, म्हणजे कपच्या मध्यात, सैल पसरलेल्या तंतूंनी होतो. उशांत भरतात तो पॉलिस्टर फायबर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पिंजलेला कापूस चांगला चालतो, पण पावसाळ्यात दमट होतो आणि दबून बसतो. लोकर आवाजाला उत्तम. कोकणात किंवा मुंबईत मात्र तिला कसर लागते, मग वर्षभरात सगळं उघडावं लागतं. काचेची लोकर वापरू नका, तिचे तंतू ड्रायव्हरमध्ये आणि कानाकडे जाऊ शकतात. चांगलं फेल्ट हवं असेल तर हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा. पट्ट्यांखाली घालतात ते दाट आणि एकसारखं असतं.

भरण किती? थोडं भरलं की कप आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो, कारण तंतू हवेची उष्णता शोषतात. जास्त दाबून भरलं की पडदाच अडतो आणि आवाज कोरडा, निर्जीव होतो. प्रत्येक बाजूला एक-दीड ग्रॅमपासून सुरू करा. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या भरा. डाव्या-उजव्यात फरक राहिला की गायक मधोमध उभा राहत नाही. मूळ कपवरच्या झडपांसारख्या फटी, त्यांच्यावरचं फेल्ट, हेही एकेक करून टेपने झाकून ऐका. एका वेळी एकच बदल.

पॅड आणि बंदिस्तपणा मात्र या सगळ्याच्या आधी. कानाभोवती हवा गळत असेल तर कपात काय आहे याला अर्थ नाही. ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि कप हाताने कानावर दाबा. बेस एकदम वाढला तर पॅड गळतोय. चष्म्याच्या दांड्यांमुळेही हे होतं. मग बॅफल (ड्रायव्हर बसवलेली पाटी) आणि कप यांच्यामधला सांधा तपासा. चार स्क्रू घट्ट केले म्हणजे सांधा बंद झाला असं नाही. लाकडी कपच्या काठाला पातळ फोमची किंवा ब्युटाइल रबराची कडी लागतेच. वजनासाठी भिंतीला काही लावायचं तर गाड्यांच्या दारात लावतात ती ब्युटाइल शीट घ्या. तेलकट मॉडेलिंग क्ले उन्हाळ्यात मऊ पडते आणि तिचं तेल लाकडात शिरतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. या ड्रायव्हरमध्ये जोरदार चुंबक आहेत. लोखंडाचा कीस, लहान स्क्रू, पेचकसाचं टोक, सगळं ते ओढून घेतात, आणि पडद्यावर एक कण बसला की त्या बाजूची खरखर जन्मभर राहते. काम करताना ड्रायव्हर दोन्हीकडून कागद आणि टेपने झाका. लाकडाला शेवटचा हात फिरवायला स्टील वूल वापरत असाल तर ते हेडफोनच्या टेबलावर आणूच नका.

लाकडाकडे येऊ. दिसायला शिसव मलाही सगळ्यात आवडते, पण वजन बघा. एका कपात ८० घनसेंमी लाकूड राहिलं तर शिसवीचा कप साधारण ६७ ग्रॅम, सागाचा ५२. मूळ हेडफोनच तीनशे ग्रॅमच्या वर आहे आणि दोन तास ऐकताना मानेला हा फरक कळतो. जुन्या खिडकीचा किंवा खांबाचा साग मिळाला तर तो घ्या, तो वर्षानुवर्षं वाळलेला असतो. नवं लाकूड असेल तर आधी भिंती जाड ठेवून ओबडधोबड कातून घ्या, काही महिने घरात ठेवा आणि मग शेवटचं कातकाम करा. तसं नाही केलं तर गोल कप लंबगोल होतो आणि बॅफल बसत नाही. लाखेचं पॉलिश किंवा सीलर आतूनही द्या. फक्त बाहेरून दिलं तर एका बाजूने दमट होऊन लाकूड वाकतं. शिसवीचा भुसा अनेकांच्या त्वचेला आणि छातीला त्रास देतो, मास्क लावा. स्क्रू थेट लाकडात पिळू नका, पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवा, कारण कप वारंवार उघडावे लागणार आहेत. हेडबँडची पकड जिथे येते तिथे भिंत मुद्दाम जाड ठेवा.

वायरी पुन्हा जोडताना डाव्या-उजव्याचे धन-ऋण टोक सारखं आहे ना ते बघा. एक बाजू उलटी झाली तर बेस पातळ होतो आणि मोनो रेकॉर्डिंगमधला आवाज डोक्याच्या मध्ये न येता बाजूंना विखुरतो.

कातारी दादांना लगेच काम देऊ नका. हे भरण आणि पॅडचे प्रयोग मूळ प्लॅस्टिकच्या कपमध्येच करून बघा. आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या मापनाच्या माइकवरही आधी-नंतरची तुलना करता येते. दर वेळी हेडफोन काढून पुन्हा बसवून मोजा आणि सरासरी घ्या. मूळ कपची आतली खोली, रुंदी आणि दोन्ही बाजूंचे आलेख इथे टाका, म्हणजे शिसवीच्या कपची खोली किती ठेवायची ते आपण आकड्यांवरून ठरवू.